जू, खीळ आणि हूक : बालाघाटातील ऊसवाहतुकीच्या जोडणीतंत्राचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

वाहतुकीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा चाकाकडे, इंजिनाकडे अथवा रस्त्याकडे जाते. ओढणारा आणि ओढले जाणारे ओझे ज्या ठिकाणी एकमेकांस जोडलेले असतात त्या सांध्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक ओझ्याचा किती भाग ओढणाऱ्याच्या अंगावर यावा आणि किती चाकांवर राहावा, हे या सांध्यावरच ठरते. बैलाच्या मानेवरील जू, दांडीतील खीळ, ट्रॅक्टरच्या मागील हूक या वस्तू दिसावयास किरकोळ आहेत. परंतु मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या जीवनाशी त्यांचा जो संबंध आला तो किरकोळ म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्यातील बालाघाटाचा प्रदेश, विशेषतः लिंबागणेश-मांजरसुंबा-पाटोदा हा पट्टा, डोळ्यांसमोर ठेवून या सांध्याच्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

लिंबागणेश हे बीड तालुक्यातील गाव भालचंद्र गणपतीच्या देवस्थानासाठी परिचित आहे. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या पठारावर ते वसलेले आहे. हलकी, उथळ जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि खरिपावर भिस्त असलेली शेती हे या पठाराचे जुने वैशिष्ट्य होय. मांजरा नदी याच डोंगररांगेत पाटोदा तालुक्यात उगम पावते, पण तिच्या पाण्याचा लाभ खालच्या प्रदेशास अधिक होतो. १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात असलेल्या या जिल्ह्याच्या मुख्यालयास रेल्वेही फार उशिरा मिळाली. बीड ते अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) ही गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली. तोपर्यंत या भागातील माणूस कामासाठी बाहेर पडला तो रस्त्यानेच. आणि दीर्घकाळ तो बैलगाडीने बाहेर पडला.

लाकडी गाडी आणि तिचा तोल

दोन चाकांच्या गाडीचे यंत्रशास्त्र वरवर पाहता साधे असले तरी त्यात एक नाजूक हिशेब दडलेला आहे. गाडीचा कणा हा टेकू होय. साट्यावरील ओझे कण्याच्या किंचित पुढे असेल तर दांडीचा काही भार जुवावर, म्हणजे बैलांच्या मानेवर येतो. ओझे कण्याच्या मागे गेले की गाडी उलाळ होते, दांडी वर उचलली जाते आणि सापत्या बैलांच्या गळ्याला काचतात. म्हणून गाडी भरणाऱ्याचे कसब ओझे किती भरले यापेक्षा ते कोठे भरले यात असे. चांगला गाडीवान गाडी जुंपण्यापूर्वी दांडी हाताने उचलून पाहत असे. ती अगदी हलकी लागली तरी तो समाधानी नसे आणि फार जड लागली तरी नसे. थोडासा भार मानेवर असल्याखेरीज जू स्थिर राहत नाही, हे त्यास कोणी पुस्तकातून शिकविलेले नव्हते.

उदाहरणादाखल आकडेमोड करून पाहता येईल. कण्यापासून जुवापर्यंतचे अंतर तीन मीटर आणि भरलेल्या गाडीचे वजन अडीच हजार किलो धरले, आणि ओझ्याचा गुरुत्वमध्य कण्याच्या फक्त पंधरा सेंटीमीटर पुढे असेल, तर जुवावर सुमारे सव्वाशे किलो भार येतो; म्हणजे प्रत्येक बैलाच्या मानेवर साठ किलोंहून थोडा अधिक. हीच गाडी वीसास एक अशा उतारावर आली आणि ओझ्याचा गुरुत्वमध्य कण्याच्या वर सव्वा मीटर असेल, तर तो आणखी सहा सेंटीमीटर पुढे सरकल्यासारखा होतो व जुवावरचा भार सुमारे पन्नास किलोंनी वाढतो. चढावर तितकाच तो कमी होतो. ओझे जितके उंच तितका हा झोका मोठा. ऊस हे उंच रचले जाणारे ओझे आहे, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

जू बैलाच्या वशिंडाच्या पुढे मानेवर बसते. शिवळा त्यास बाजूंनी अडवितात, सापती गळ्याखालून जाते. घोड्याच्या साजात छाती आणि मागील पुठ्ठे यांचा उपयोग ओढण्यासाठी व थोपविण्यासाठी केलेला असतो. बैलाच्या बाबतीत ओढणे, पेलणे आणि उतारावर थोपविणे ही तिन्ही कामे मानेच्या एका लहानशा पट्ट्यावर येऊन पडतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी अथवा तूप आणि हळद लावून मळण्याची जी चाल महाराष्ट्रात आहे, तिच्याकडे केवळ धार्मिक आचार म्हणून पाहणे अपुरे ठरेल. वर्षभर ज्या सांध्यावर शेतीचा सारा भार पडतो त्याची ती वार्षिक देखभाल होती. नांगराचे अथवा कुळवाचे जू बांधणाऱ्या दोरास येठण असे वेगळे नाव आहे. गाडी उभी करताना दांडीखाली लावावयाच्या टेकूस शिपाई म्हणतात. ज्या समाजाने एका टेकूसही नाव दिले त्याने या सांध्याचा विचार केला नव्हता असे म्हणणे धाडसाचे होईल.

गाडी घडविणारे सुतार आणि चाकावर लोखंडी धाव चढविणारे लोहार हे दोघेही बलुतेदार. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रामव्यवस्थेवरील ग्रंथास ‘गावगाडा’ हे नाव दिले ते उगाच नव्हे. गाडी गावात बनत असे, गावात दुरुस्त होत असे आणि तिच्या जुवापासून धावेपर्यंतचा प्रत्येक भाग कोणाच्या हातचा आहे हे गावास ठाऊक असे. गाडी, जू आणि बैल एकाच घरचे असत. पुढील काळात जो बदल झाला त्याचे स्वरूप समजण्यासाठी ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

कारखाना, टायर आणि दोन मालक

दख्खनच्या पाटबंधाऱ्यांच्या काठी ऊस वाढला आणि साखर कारखाने निघाले. हरिगावची बेलापूर कंपनी, माळीनगर येथील सासवड माळी शुगर फॅक्टरी, वालचंदनगर ही सहकारापूर्वीची उदाहरणे होत. हरिगाव, वालचंदनगर यांसारख्या ठिकाणी कंपनीकडे सलग जमीन असल्यामुळे मळ्यातून कारखान्यापर्यंत अरुंद रुळांची गाडी टाकणे शक्य होते. सहकारी कारखान्याची गोष्ट वेगळी होती. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणी परिसरात उभ्या राहिलेल्या प्रवरा कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. या कारखान्यास ऊस पुरविणारे सभासद शेतकरी विखुरलेले होते, त्यांचे फड लहान होते आणि रूळ कोणाच्या शेतातून टाकावयाचा हा प्रश्नच उद्भवत नव्हता. ऊस आणावयाचा तो गाडीवाटेने. सहकारी साखर कारखानदारीचा विस्तार हा म्हणून बैलगाडीच्या विस्ताराचाही इतिहास आहे. यंत्रयुग आले की पशुशक्ती मागे हटते हा सर्वसामान्य समज येथे काही दशके तरी उलटा ठरला.

तोडलेला ऊस जितका उशिरा गाळला जाईल तितका त्याचा उतारा घटतो. यासाठी गव्हाणीत ऊस अखंड पडत राहणे कारखान्यास आवश्यक असते आणि त्यासाठी फडात व रस्त्यावर माणसांची व गाड्यांची अखंड साखळी लागते. ही साखळी बालाघाटाने पुरविली. नगर जिल्ह्याचा कोरडा पूर्व भाग आणि बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, परळी, बीड हे तालुके यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघू लागल्या. १९७२ च्या दुष्काळाने या स्थलांतरास मोठी गती दिली. दुष्काळी कामांवर खडी फोडलेल्या पिढीला वर्षातील पाच-सहा महिन्यांचे खात्रीचे काम हे आकर्षण होते. त्या कामाची किंमत नंतर कळू लागली. अशाच प्रकारचे स्थलांतर खानदेशातून दक्षिण गुजरातेत होत होते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात बारडोली परिसरात त्याचा अभ्यास केला, आणि सहकारी भांडवलदारी अशा शब्दांत त्याचे वर्णन केले.

लाकडी चाकाची गाडी सुमारे एक टन ऊस आणू शकत असे, आणि तिच्या लोखंडी धावांनी रस्ते खराब होत. हवा भरलेल्या टायरची, लोखंडी सांगाड्याची आणि बॉलबेअरिंगची गाडी आली तेव्हा हे प्रमाण दोन-तीन टनांवर गेले. भारतात जनावरांनी ओढावयाच्या वाहनांसाठी स्वतंत्र टायर बनविण्यात येऊ लागले. उत्तर भारतात अशा गाडीस आजही एका टायर कंपनीच्या नावावरून ‘डनलप’ म्हटले जाते, तर आपल्याकडे ती टायरगाडी झाली. चाकावरील घर्षण घटल्यामुळे ओढण्याचे श्रम कमी झाले, हे खरे. मात्र श्रमाची ही बचत बैलास मिळाली नाही. ती जादा उसाच्या रूपाने गाडीवर चढली. चाक सुधारले, सांधा तसाच राहिला. लाकडी जू लोखंडी दांडीच्या टोकाला आले एवढाच काय तो फरक, आणि वर दाखविलेल्या हिशेबाप्रमाणे मानेवरचा भार मात्र ओझ्याच्या प्रमाणात वाढला.

टायरगाडीने मालकीची रचनाही बदलली. लोखंडी गाडी गावच्या सुताराच्या आवाक्यातील नव्हती आणि तिची किंमत कामगाराच्या आवाक्यातील नव्हती. कारखान्याने ती विकत घ्यावी आणि हंगामापुरती भाड्याने द्यावी, अशी पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली. बैल मात्र कामगाराचे. उचल घेतली की त्यातील मोठी रक्कम बैलजोडीवर खर्च होई. नेकनूर, हिरापूर यांसारख्या जिल्ह्यातील जनावरांच्या बाजारांस हंगामाच्या आरंभी व अखेरीस जी गजबज येई तिचे एक कारण हेच होय. अशा रीतीने दांडीच्या टोकाची ती खीळ ही दोन मालमत्तांची सीमारेषा बनली. खिळीच्या मागे कारखान्याचे भांडवल, पुढे कामगाराचे. मागील बाजूस झीज झाली तर ती कारखान्याच्या हिशेबात लिहिली जाई; पुढील बाजूस बैलाचा खांदा आला, तो लंगडला अथवा मेला, तर ते कामगाराचे नुकसान ठरे आणि उचल फिटण्याऐवजी वाढे. सहकारी चळवळीच्या इतिहासात भागभांडवल, कर्ज, शासकीय हमी यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. बैलजोड्यांच्या रूपाने कामगारांनी प्रत्येक हंगामात गुंतविलेले भांडवल कोणत्याही ताळेबंदात आलेले नाही.

असे असूनही टायर सेंटरवरील जोडपे हे डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या डोकी सेंटरवरील जोडप्यापेक्षा स्वतःस सुस्थितीत समजत असे, आणि त्यास कारण होते. वाहतुकीचा दर वेगळा मिळे. वाढे बैलांस घालून उरलेले विकता येत आणि रोजचा बाजारहाट त्या रोख पैशांतून भागे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी हे एकक येथे बैलजोडीशी जोडलेले होते. पहाटे फडात तोडणी, दुपारी मोळ्या बांधून गाडी भरणे, त्यानंतर पुरुषाने कारखान्याच्या वजनकाट्यापुढील रांगेत रात्र काढणे आणि स्त्रीने कोपीवर लेकरे, स्वयंपाक व उद्याची तयारी पाहणे, असा हा क्रम होता. गाडी भरताना मोळी खालून वर देण्याचे काम बहुधा स्त्रीकडे असे. गाडीचा तोल साधला जाई तो तिच्याही हाताने.

कायद्याने याकडे पाहिलेच नाही असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखालील ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधीचे नियम १९६५ चे. जनावराचा आकार, चाकांची संख्या, टायर व बेअरिंग यांचा प्रकार यांनुसार ओझ्याची कमाल मर्यादा या नियमांत ठरवून दिलेली आहे. दिवसातून नऊ तासांहून अधिक काम नको, विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक नको, तापमान ३७ अंशांवर असता दुपारी बारा ते तीन या वेळेत नको, अशाही अटी आहेत. एक गोष्ट मात्र लक्षणीय आहे. गाडीत एकूण ओझे किती, एवढेच मोजण्यावर नियमांचा भर आहे. त्यातील किती मानेवर आले, याला तेथे माप नाही. आणि वजनकाट्यावर गाडी चढते ती टनामागे पैसे मोजण्यासाठी. ज्यास टनावर मजुरी मिळते आणि ज्याच्या डोक्यावर उचल आहे, त्याने स्वतःहून कमी ओझे भरावे ही अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नव्हते.

ट्रॅक्टरचा हूक

भारतात ट्रॅक्टरनिर्मितीचा आरंभ १९५९ साली फरिदाबाद येथे आयशरने केला. पाठोपाठ मद्रासची टॅफे (१९६०), मुंबईतील महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची संयुक्त कंपनी (१९६३), पिंजोरचा एचएमटी (१९७१), पंजाबचा स्वराज (१९७४) हे उभे राहिले. नांगरणीसाठी म्हणून आलेले हे यंत्र महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात वर्षातील निम्मा काळ वाहतुकीवर राबू लागले. ट्रॅक्टरसाठी काढलेले कर्ज नांगरणीच्या भाड्यातून फिटत नव्हते, ते ऊसवाहतुकीच्या करारातून फिटे. यंत्राची रचना एका कामासाठी आणि त्याचे अर्थकारण दुसऱ्या कामावर, अशी ही विसंगती असून अनेक अपघातांचे मूळ तिच्यात शोधावे लागते.

ओझे जोडण्याचा प्रश्न पाश्चात्त्य देशांतही मोटारीबरोबर नव्याने उद्भवला होता. १९१४ साली डेट्रॉइट येथील लोहार व गाडी बनविणारे ऑगस्ट फ्रूहॉफ यांच्याकडे एका लाकूड व्यापाऱ्याने आपली होडी फोर्ड मोटारीच्या मागे नेता येईल अशी गाडी मागितली. त्यांनी तयार केलेल्या गाडीचा पुढील भाग मोटारीवर टेकलेला होता; ती अर्धी गाडी म्हणून तीस सेमीट्रेलर हे नाव पडले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस विमानउद्योगातील ग्लेन कर्टिस यांनी राहण्याच्या फिरत्या गाडीसाठी हंसाच्या मानेसारखी वर जाऊन पुढे झुकणारी दांडी वापरली. पुढे अमेरिकेतील पशुपालकांत अशी ‘गूजनेक’ जोडणी पिकअप ट्रकसाठी रूढ झाली. मागच्या बंपरला हूक न लावता ट्रकच्या हौद्यात, मागील कण्याच्या अगदी वर अथवा किंचित पुढे, पोलादी गोळा बसवावयाचा आणि हंसमान त्यावर टेकवावयाची, हे तिचे तत्त्व. बंपरच्या हुकावर ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग सोसवतो, तर कण्यावरील गोळ्यावर वीस-पंचवीस टक्के भार निर्धास्तपणे टाकता येतो. कारण तो भार पुढील चाके उचलण्याऐवजी ट्रकच्या चारही चाकांना रस्त्यावर दाबून धरतो. जुन्या ट्रकवर ती बसवावयाची तर गोळ्यापेक्षा चेसीच्या पट्ट्या अगोदर तपासाव्या लागतात. गंजलेल्या पट्टीला पोलादी गोळा जोडून काही साधत नाही.

हॅरी फर्ग्युसन यांनी ट्रॅक्टरसाठी हाच विचार केला होता. कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या त्यांच्या लहान ट्रॅक्टरबरोबर मिळणाऱ्या तीन टनी ट्रेलरचा कणा मुद्दाम मागे ठेवलेला होता, जेणेकरून भाराचा काही हिस्सा ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर यावा व ती घसरू नयेत. चालकास जागेवरून न उठता ट्रेलर जोडता येईल असा उचलता हूकही त्यास होता. थोडक्यात, बैलगाडीच्या गाडीवानास दांडी उचलून जे कळत असे, ते येथे पोलादात बसविलेले होते. भारतीय कायद्याची भाषाही हेच सांगते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ज्या जोडवाहनाचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो व ज्याच्या वजनाचा काही अंश ते वाहन पेलते त्यास अर्धट्रेलर मानले असून, उरलेला तो ट्रेलर. ही कसोटी लावली तर आपली परंपरागत बैलगाडी ही अर्धट्रेलरच ठरते, आणि ट्रॅक्टरमागील चार चाकी ट्रॉली केवळ ट्रेलर.

महाराष्ट्रातील ऊसवाहतुकीत याच दुसऱ्या प्रकारास प्राधान्य मिळाले. चार चाकी ट्रॉलीच्या पुढील कण्याला फिरती बैठक असते, त्यामुळे तिचे ओझे ती स्वतःच पेलते आणि हुकावर फक्त ओढ येते. याचा मोठा लाभ असा की एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडता येतात व एका खेपेस पंधरा-वीस टन ऊस जातो. तोटा असा की मागे एवढे ओझे असूनही त्यातील काहीच ट्रॅक्टरच्या चाकांवर येत नाही. सपाट डांबरी रस्त्यावर हे निभावते. फडातून बाहेर पडताना, मऊ जमिनीवर किंवा चढावर, मागील चाकांस पकड मिळत नाही आणि पुढील चाके उचलली जातात. हूक मागील कण्याच्या मध्यापेक्षा खाली असेल तोवर ओढ ट्रॅक्टरला फार मागे उलटवू शकत नाही. पण झिजलेल्या भोकामुळे अथवा उंच ट्रॉलीशी जमवून घेण्यासाठी तो वर बसविला की हे संरक्षण संपते. उतारावर तर ओझे ट्रॅक्टरला ढकलते. ट्रॉलीस चालत्या स्थितीतील ब्रेक नसेल तर सगळे थोपविणे ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांवर येते, आणि वळणावर ट्रॅक्टर व ट्रॉली चाकूसारखे मिटतात. बीडहून मांजरसुंब्याकडे चढणारा घाट ज्यांनी हंगामात पाहिला आहे त्यांना याचे अधिक वर्णन करण्याची गरज नाही. गळीत हंगामाच्या प्रारंभी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात त्या स्वागतार्ह होत. मात्र रिफ्लेक्टर मागून येणाऱ्या वाहनास ट्रॉली दाखवितो, तिच्या पुढील खिळीची झीज कोणासही दाखवीत नाही.

याच ट्रॉल्यांतून टोळ्यांची ने-आण होते, हा या इतिहासाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग होय. पूर्वी गाड्या जुंपून मुक्काम करीत चाललेला तांडा हळू जात असे. त्याच्या गतीने मरण येण्याचा संभव अल्प होता. आता कोपीचे सामान, भांडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरे आणि म्हातारी माणसे यांसह कुटुंबेच्या कुटुंबे उसासाठी बनविलेल्या ट्रॉलीत बसून रात्रीचा प्रवास करतात, आणि त्यांच्या जीविताची हमी दोन बोटे जाडीच्या एका खिळीवर असते.

जुनी दांडी, नवा हूक

बैलजोडीचे भाव, चारा-पाण्याची टंचाई आणि लागोपाठचे दुष्काळ यांमुळे टायरगाड्यांची संख्या घटत गेली. परंतु फडात खोलवर जाऊ शकणारी लहान गाडी कारखान्यास हवीच होती. यातून एक तिसरा प्रकार पुढे आला. बैलांसाठीची लांब दांडी आखूड करावयाची, टोकाला पोलादी कडी वेल्डिंगने बसवावयाची आणि तीच टायरगाडी ट्रॅक्टरच्या मागे लावावयाची. काही कारखान्यांच्या बोलीत यास ‘अंगद’ म्हणतात, काही ठिकाणी सरळ ‘जुगाड’. हे जुने वाहन नव्या ओढीस जोडण्याचे काम गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत होते, आणि त्यातील बारकावे त्या कारागिरांस चांगले ठाऊक असतात. गाडी सपाटीवर उभी असता कडी व हूक यांची उंची जुळली पाहिजे. ती न जुळल्यास गाडी पुढे किंवा मागे कलते आणि तोल बिघडतो. दांडी फार आखूड केली तर वळणावर गाडीची कड ट्रॅक्टरच्या चाकास घासते. कडी नुसत्या टोकाला न डकविता दांडीच्या दोन्ही अंगांनी पट्ट्या मागेपर्यंत नेऊन जोडावी लागते, नाही तर सांधा वेल्डिंगच्या कडेलाच तुटतो. खीळ उसळून बाहेर येऊ नये म्हणून तिला खालून चाप आणि जोडीला सुटी साखळी हवी. यांतील साखळीच बहुधा वगळली जाते.

तंत्राच्या दृष्टीने पाहता येथे एक विलक्षण गोष्ट घडली आहे. दोन चाकी गाडी असल्यामुळे तिच्या वजनाचा काही भाग हुकावर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर येतो. फर्ग्युसन यांनी जे विचारपूर्वक केले ते बालाघाटातील कारागिराने काटकसरीपोटी केले. पण फर्ग्युसन यांच्या ट्रेलरचा कणा त्या कामासाठी मोजून ठेवलेला होता. टायरगाडीचा कणा बैलाच्या मानेस सोसेल एवढाच भार पुढे यावा अशा बेताने बसविलेला असतो, आणि तिची बेअरिंगे बैलाच्या चालीसाठी आहेत. बैल ताशी तीन-चार किलोमीटर चालतो. ट्रॅक्टर त्याच गाडीस पाच-सहा पट वेगाने ओढतो.

मालकीची रेषाही पुन्हा सरकली. टायरगाडीच्या काळी खिळीच्या पुढची बाजू कामगाराची होती. ट्रॅक्टर हा वाहतूक ठेकेदाराचा अथवा मुकादमाचा असतो, बहुधा कर्जाऊ. हुकाच्या दोन्ही बाजू कामगाराच्या हातून गेल्या. बैल मेला म्हणून बुडण्याची भीती संपली ही त्याची जमेची बाजू. पण वाढे विकून येणारी रोजची रोख रक्कम, वाहतुकीचा वेगळा दर आणि हंगामाअखेर बैलजोडी विकून हाती राहणारे काही भांडवल हेही त्याबरोबर गेले. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला तेव्हा गाडीवान चालक झाला नाही, तो केवळ तोडणीवाला झाला; चालक बहुधा दुसराच कोणी असतो.

जेथे बैल अद्याप जुंपले जातात तेथे मानेवरील भाराचा प्रश्न फार उशिरा, पण स्पष्टपणे विचारला गेला. सांगली जिल्ह्यातील राजारामनगर (इस्लामपूर) येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ऑटोमोबाईल शाखेतील विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये बैलगाडीच्या दांडीखाली, दोन बैलांच्या मध्ये, एक फिरते आधारचाक बसविले आणि त्यास ‘सारथी’ असे नाव दिले. उंची कमीअधिक करता येणाऱ्या या चाकामुळे दांडीचा भार जमिनीवर जातो व मानेवर केवळ ओढ उरते. त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांतून देशभर पोहोचले. गाडी उभी असताना दांडीखाली लावावयाचा जो शिपाई पिढ्यान्‌पिढ्या गाडीबरोबर होता, त्यास चाक लावून चालता केला, असे या कल्पनेचे वर्णन करता येईल. तिची किंमत कोणी द्यावयाची, गाडी ज्याची त्या कारखान्याने की मान ज्याच्या बैलाची त्या कामगाराने, हा प्रश्न मात्र खिळीपाशी होता तेथेच उभा आहे.